जुना स्किड स्टिअर: सकाळी सेल्फ जड, दुपारी आर्म बंद. पंप उघडायचा का?

संकेश्वर_लोडर

नमस्कार मंडळी. साखर कारखान्याच्या बगॅस (उसाचा चोथा) यार्डात आणि प्रेसमडच्या (रस गाळल्यावर उरणारा गाळ) ढिगावर चालणारा जुना स्किड स्टिअर (जागच्या जागी वळणारा छोटा लोडर) आहे. इकडे कुठल्याही कंपनीच्या स्किड स्टिअरला बॉबकॅटच म्हणतात, त्यातलाच एक. चार सिलिंडरचं साधारण 2.2 लिटरचं डिझेल इंजिन, हीटर प्लगवालं, फ्युएल पंप मेकॅनिकल. चाकं हायड्रोस्टॅटिकवर (ऑइलच्या दाबाने फिरणाऱ्या मोटरींवर), आर्म आणि बकेटला वेगळा गिअर पंप. लिव्हर-पेडल साधी, लिंकेजची. सीट बार (ऑपरेटरपुढचा सुरक्षा दांडा) आणि आर्म-बकेट अडवणारं लॉक मात्र विजेवर.

सध्या पहाटे गारठा आहे. सकाळी सेल्फ जड फिरतो, पांढरा धूर येतो आणि बऱ्याच वेळाने इंजिन लागतं. दुपारी वेगळाच प्रकार: गरम इंजिन बंद करून पुन्हा सेल्फ मारला की सेल्फ चांगला फिरतो, पण इंजिन उचलत नाही आणि सायलेन्सरमधून धूरही नाही. थोडा वेळ थांबलं की पुन्हा लागतं.

हायड्रॉलिकचं असं की तास-दीड तास काम झालं की आर्म हळू उचलायला लागतो. त्यानंतर कधीकधी आर्म आणि बकेट दोन्ही एकदम बंद पडतात. गाडी पुढे-मागे व्यवस्थित चालते. सीट बार वर-खाली केला की काही वेळा परत काम सुरू होतं. रात्रपाळीत हा त्रास जास्त.

बॅटरी नवी आहे, 100 अँपिअर-तासाची. हायड्रॉलिक ऑइल 68 नंबरचं (नंबर मोठा तेवढं ऑइल जाड) वरून भरलेलं आहे. मेस्त्री म्हणतात पंप गेला, काढून कोल्हापूरला पाठवा. गाळप हंगाम चालू आहे, गाडी उभी ठेवणं परवडत नाही. पंप उघडण्याआधी काय काय तपासावं?

उद्यमबाग_हायड्रॉलिक

पंप उघडू नका. निदान आत्ता तरी नको.

गिअर पंप झिजला की तो हळूहळू सुस्त होतो. गरम ऑइलवर जास्त सुस्त, गार ऑइलवर कमी. पण तो एकदम शून्य होऊन सीट बार हलवल्यावर परत जिवंत होत नाही. तुमच्या गाडीत दोन वेगळे दोष दिसतात: "हळू होणं" एक आणि "एकदम बंद होणं" दुसरा. एकदम बंद होणं हे जवळजवळ नक्की लॉकच्या विजेचं आहे.

पुढच्या वेळी आर्म बंद पडला की एकच गोष्ट बघा: लिव्हर किंवा पेडल हलतंय का? अडकल्यासारखं घट्ट लागत असेल तर स्पूलचं (ऑइलची वाट उघडणाऱ्या दांड्याचं) लॉक सुटलेलं नाही, म्हणजे सोलेनॉइडने (विजेच्या कॉइलने) पिन ओढलेली नाही. लिव्हर मोकळी हलते आणि तरी आर्म जागचा हलत नाही, तर ब्लॉकवरच्या लॉक व्हॉल्व्हला करंट मिळत नाही किंवा खरंच प्रेशर नाही. हे ओळखायला आर्म जमिनीवर टेकवून इंजिन बंद करा, चावी चालू ठेवा, ऑपरेटर सीटवर आणि बार खाली. मग कॉइलच्या नटाजवळ लोखंडी स्क्रू ड्रायव्हरचं टोक न्या. कॉइल जिवंत असेल तर टोक ओढल्याचं हाताला कळतं. काही गाड्यांत कंट्रोलर इंजिन चालू असल्याशिवाय कॉइलला करंट देत नाही, ते मॅन्युअलमध्ये बघा.

आता हळू होण्याबद्दल. आर्म, बकेट आणि चाकं तिन्ही सुस्त असतील तर कारण सामाईक असतं: टाकीतली लेव्हल, सक्शन (पंपाकडे ऑइल ओढणारी लाईन), इंजिनचा वेग, गरम ऑइल. फक्त चाकं सुस्त तर चार्ज प्रेशर (हायड्रोस्टॅटला ऑइल पुरवणाऱ्या छोट्या पंपाचा दाब) आणि हायड्रोस्टॅट. एकाच बाजूचं चाक सुस्त तर त्या बाजूचा पंप, मोटर किंवा रिलीफ (जादा दाब सोडणारा व्हॉल्व्ह). तुमची चाकं ठीक आहेत, म्हणून हायड्रोस्टॅटला आणि चार्ज पंपला हात लावायचं कारणच नाही. उरतात गिअर पंप, मेन रिलीफ, सिलिंडरचे सील आणि इंजिनचे फेरे.

सुरुवात सोप्यापासून करा. हाफ थ्रॉटल नको, पूर्ण थ्रॉटलवर टॅकोमीटरने किंवा फोटो टॅकोने फेरे मोजा. गिअर पंपाचा प्रवाह फेऱ्यांच्या सरळ प्रमाणात असतो. प्लेटवर 2,800 लिहिलंय आणि इंजिन 2,300 वर अडकलंय, तर पंप नवा असला तरी आर्म 18 टक्के हळूच उचलणार. थ्रॉटल केबल ताणलेली असते, लिव्हर शेवटच्या स्टॉपर बोल्टला टेकतच नाही. किंवा डिझेल फिल्टर अर्धा बंद असतो.

मग ऑइल बघा. काम चालू असताना टाकीतून किंवा लेव्हलच्या काचेतून थोडं ऑइल काचेच्या बाटलीत घ्या. फेस असेल आणि तळापासून वर स्वच्छ होत गेला, तर सक्शनमधून हवा ओढली जातेय. ताकासारखं पांढरट तसंच राहिलं तर पाणी. सक्शनच्या पाइपला बाहेरून गळती दिसत नाही, कारण तिथे ऑइल बाहेर येत नाही, हवा आत जाते. क्लॅम्पच्या जोडावर जाड ग्रीस थापा. आवाज किंवा फेस कमी झाला तर तोच जोड. जुन्या रबरी पाइपाला बाहेरून तडा नसतो, आतला थर सुटून पडद्यासारखा सक्शन अडवतो. तो पाइप दाबून बघितला की आत ढिला लागतो.

आणि बगॅस यार्ड म्हणालात म्हणून विशेष सांगतो: रेडिएटर आणि ऑइल कूलर यांच्या मधली फट उघडून बघा. बाहेरून दोन्ही स्वच्छ दिसतात, आणि मध्ये बगॅसच्या तंतूंचं गादीसारखं पांघरूण बसलेलं असतं. कूलर बोल्ट काढून झुकवता येतो. हवा मारायची ती इंजिनच्या बाजूने बाहेर, नोझल कूलरच्या तोंडाला काटकोनात, म्हणजे पत्र्यांच्या फटीत सरळ धरून. जोराच्या पाण्याने पत्र्या वाकतात आणि वाकलेली पत्री म्हणजे कायमची बंद झालेली जागा. याच वेळी सायलेन्सरभोवतीचा, बेलीप्लेटच्या (गाडीच्या पोटाखालच्या पत्र्याच्या) आतला सगळा बगॅस काढा. वाळलेला बगॅस आणि गरम मॅनिफोल्ड एकत्र आले की गाडीला आग लागते. हे रोजच्या कामात धरा, दुरुस्तीत नाही.

एवढं झाल्यावरही हळू राहिलं, तरच फ्लोमीटर (ऑइलचा प्रवाह मोजणारं मीटर). त्याबद्दल रीडिंग आल्यावर लिहितो.

चिक्कोडी_वायरमन

बॅटरी नवी असून सेल्फ जड, म्हणजे बॅटरीतला करंट सेल्फपर्यंत पोचत नाही. या आकाराचा सेल्फ फिरताना 200 ते 300 अँपिअर ओढतो. केबलच्या जोडात फक्त 5 मिलिओहमचा अडथळा असला तरी 250 अँपिअरला सव्वा व्होल्ट तिथेच संपतो. हा अडथळा मल्टीमीटरच्या ओहम रेंजवर दिसत नाही, शून्यच दाखवतो. टेस्ट लँपही झकास पेटतो, कारण लँप अर्धा अँपिअर घेतो. म्हणून मोजणी सेल्फ फिरत असतानाच करायची.

फ्युएल सोलेनॉइडची वायर काढून ठेवा म्हणजे इंजिन लागणार नाही. एकाने चावी फिरवायची, दुसऱ्याने मीटर डीसी व्होल्टवर धरायचा. प्रत्येक वेळी 5 सेकंदांपेक्षा जास्त नको, आणि दोन वेळांमध्ये सेल्फला मिनिटभर गार होऊ द्या.

पहिलं, बॅटरीच्या दोन पोलवर, क्लॅम्पवर नाही, शिशाच्या पोलवरच. फिरताना 9.6 च्या खाली गेलं तर बॅटरी किंवा सेल्फ संशयात. दुसरं, प्लस पोल ते सेल्फचा जाड बोल्ट: अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त नको. तिसरं, मायनस पोल ते इंजिन ब्लॉकची खरवडलेली जागा: 0.2 ते 0.3 पर्यंत ठीक. या तिसऱ्यातच बहुतेक जुन्या गाड्या नापास होतात. इंजिन रबर माउंटिंगवर बसलेलं असतं, म्हणून चेसिसपासून ब्लॉकपर्यंत वेगळी पट्टी लागते. ती पट्टी गंजलेली, तुटायला आलेली किंवा रंगावर बसवलेली असते.

आता आर्मचं लॉक. त्याचा प्लग लावलेलाच ठेवून मागून सुई घाला आणि चालू इंजिनवर, ऑइल गरम असताना व्होल्ट मोजा. प्लग काढून मोजलेलं रीडिंग खोटं असतं, कारण लोड नसतो. मग वर्कलाईट चालू करून पुन्हा मोजा. रात्रपाळीत त्रास जास्त आहे म्हणालात, माझा संशय इथेच आहे. दिव्यांचा करंट आणि लॉकचा करंट एकाच अर्थिंगमधून परत जात असतील आणि ते अर्थिंग कच्चं असेल, तर दिवे लावताच लॉकचे व्होल्ट पडतात.

गरम झाल्यावरच का, हेही सांगतो. कॉइल तांब्याची असते. तांब्याचा रेझिस्टन्स दर अंशाला साधारण 0.4 टक्के वाढतो. 25 अंशांना 8 ओहमची कॉइल 85 अंशांना 10 ओहमच्या जवळ जाते. व्होल्ट कमी, रेझिस्टन्स जास्त, मग कॉइलची ओढ कमी. थंड असताना जेमतेम ओढणारी पिन गरम झाल्यावर सुटते. बार वर-खाली केला की पुन्हा एक झटका मिळतो आणि कधी बसते, कधी बसत नाही.

एक गोष्ट कळकळीने: कितीही घाई असली तरी सीट बारचा किंवा सीटचा स्विच वायरने जोडून टाकू नका. इकडे यार्डात असं करणारे आहेत. ऑपरेटर उतरताना पाय पेडलला लागतो आणि आर्म खाली येतो. ही रचना माणूस वाचवण्यासाठीच आहे.

खानापूर_वीटभट्टी

वरच्या दोघांचं बरोबर आहे, दोन मुद्दे जोडतो.

ऑक्झिलरी हायड्रॉलिकची (ब्रेकर, ऑगरसारखी जोड-अवजारं चालवणाऱ्या लाईनची) लिव्हर किंवा बटण "चालू"मध्ये अडकलेलं नाही ना बघा. पुढच्या क्विक कपलरला काही जोडलेलं नसताना ती लाईन चालू राहिली तर पंप सरळ रिलीफवर चालतो. या गाड्यांत इंजिन आणि पंप यांच्यामध्ये क्लच नसतो. सेल्फ मारताना इंजिनबरोबर पंपही फिरवावे लागतात, तेही दाबाखाली. सेल्फ जड लागायला एवढंच पुरतं. चालू गाडीत याचा परिणाम म्हणजे ऑइल भराभर तापतं आणि आर्म हळू होतो. ब्रेकर किंवा ऑगर काढून ठेवल्यानंतर हे हमखास होतं.

दुसरं, गाडी लागत नाही म्हणून ट्रॅक्टरने ओढून चालू करायचा प्रयत्न करू नका. हायड्रोस्टॅटिक गाडी ओढून चालू होत नाही. चाकांच्या मोटरी कोरड्या फिरतात आणि चार्ज प्रेशर नसल्यामुळे आतले भाग खरवडतात. आज नसलेला पंपाचा खर्च त्याने खरोखर उभा राहील.

आर्मखाली काही बघायचं तर आर्म वर करून त्याचा लोखंडी सपोर्ट सिलिंडरच्या रॉडवर बसवा आणि पिन लावा. गाडीबरोबरचा सपोर्ट हरवला असेल तर आधी तो बनवून घ्या, मग काम. लाकडी ओंडका चालणार नाही. कारण मधला एक पाइप सुटला तरी आर्म क्षणात खाली येतो.

निपाणी_डिझेल

इंजिनाबद्दल मी लिहितो. धुराचं निरीक्षण तुम्ही नेमकं दिलंय, त्यामुळे काम सोपं झालं. फिरताना पांढरा धूर म्हणजे डिझेल सिलिंडरमध्ये येतंय पण पेटत नाही. अजिबात धूर नाही म्हणजे डिझेलच येत नाही. सकाळचा दोष आणि दुपारचा दोष वेगळा आहे.

सकाळचा आधी. हे इंजिन प्रीचेंबरवालं (डिझेल आधी छोट्या कप्प्यात पेटणारं) आहे, त्याला थंडीत हीटर प्लगशिवाय पर्याय नाही. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटे तापमान 15 अंशांच्या खाली जातं. तेवढ्यातही दोन प्लग गेले असतील तर इंजिन दोनच सिलिंडरवर धडपडतं. प्लगच्या मेन वायरवर डीसी क्लॅम्प मीटर लावा आणि चावी हीटरवर ठेवा. एक प्लग साधारण 8 ते 10 अँपिअर घेतो, चारांचे मिळून सुरुवातीला 35 ते 40 दिसले पाहिजेत. 18-20 दिसले तर दोन गेले. कुठले दोन, ते बघायला वरची पट्टी काढून एकेका प्लगचा रेझिस्टन्स मोजा. एक ओहमच्या आसपास चांगला, अनंत दाखवला तर जळालेला. प्लग काढताना इंजिन कोमट असू द्या आणि आदल्या दिवशी बुडाशी गंज सोडवणारं ऑइल सोडा. गार हेडमध्ये जोर लावला तर प्लग तुटून टोक आत राहतं, मग हेड काढावं लागतं. नवे प्लग बसवताना टॉर्क मॅन्युअलमधला, अंदाजाने आवळू नका.

एअर क्लीनरमध्ये इथर स्प्रे किंवा पेटवलेला बोळा कधीच नको. तापलेल्या प्लगवर इथर वेळेआधीच पेटतो आणि रिंगा किंवा पिस्टन फुटतात.

दुपारचा दोष माझ्या मते फ्युएल बंद करणाऱ्या सोलेनॉइडचा. त्यात दोन कॉइल असतात. ओढणारी कॉइल 40 अँपिअरच्या आसपास घेते, तीही क्षणभर. धरून ठेवणारी जेमतेम एक अँपिअर. ओढणाऱ्या कॉइलला व्होल्ट कमी पडले तर दांडा पूर्ण ओढला जात नाही आणि पंपाचा रॅक (डिझेल सोडणारी पट्टी) बंदच राहतो. सेल्फ फिरतो, धूर नाही. चाचणी अशी: दुपारी लागत नसेल तेव्हा गाडी न्यूट्रल, आर्म खाली, एकाने सेल्फ मारायचा आणि दुसऱ्याने पंपाजवळचा दांडा हाताने ओढलेल्या स्थितीत ढकलायचा. फॅन आणि बेल्टपासून हात लांब. ढकलताच इंजिन लागलं आणि हात सोडल्यावरही चालू राहिलं, तर धरणारी कॉइल ठीक, ओढणाऱ्या कॉइलचा करंट कमी. त्या वेळचे व्होल्ट ओढणाऱ्या वायरवर मोजा. रिलेच्या पट्ट्याही जळलेल्या असतात. लिंकेज घट्ट झालं असेल तर ते साफ करा, कारण दांडा पूर्ण न बसता कॉइलवर करंट चालूच राहिला तर ती काही सेकंदांत जळते.

दांडा ढकलूनही लागलं नाही तर लाईनमध्ये हवा. फिल्टरनंतर पारदर्शक पाइपाचा तुकडा जोडून बुडबुडे बघा. टाकीतला ओढायचा पाइप आणि टाकीजवळचा रबरी पाइप हे दोघे जास्त दोषी असतात. खात्री करायची तर स्वच्छ डिझेलच्या कॅनमधून थेट फिल्टरला पुरवठा द्या. त्यावर लागलं तर टाकी ते फिल्टर या दरम्यान दोष आहे.

कॉम्प्रेशन सगळ्यात शेवटी. अशा इंजिनात 28 ते 32 बार चांगलं, 23 च्या खाली गेलं तर इंजिनाचं काम. आत्ता त्याची गरज वाटत नाही.

संकेश्वर_लोडर

सगळ्यांचे आभार. रीडिंग घेतली, ती देतो.

बॅटरी स्थिर 12.7. सेल्फ फिरताना पोलवर 10.6. प्लस पोल ते सेल्फ बोल्ट 0.4. मायनस पोल ते ब्लॉक 1.3.

लॉकच्या कॉइलवर, ऑइल गरम, इंजिन चालू, बॅटरीवर 14.1. दिवे बंद असताना कॉइलवर 11.6, दिवे लावल्यावर 9.7. दिवे लावलेले असताना कॉइलची मायनस पिन ते बॅटरी मायनस 3.6.

आर्म बंद पडला तेव्हा पेडल घट्ट होतं. हीटर प्लगच्या वायरवर 19 अँपिअर. दुपारी दांडा हाताने ढकलल्यावर इंजिन लागलं आणि चालू राहिलं. ओढणाऱ्या वायरवर त्या वेळी 7.8 व्होल्ट होते.

ऑक्झिलरी लिव्हर न्यूट्रलमध्येच होती. पूर्ण थ्रॉटलवर फेरे 2,350, प्लेटवर 2,800. ऑइल टाकीचा पत्रा इन्फ्रारेडने 96 अंश. कूलर अजून उघडला नाही.

चिक्कोडी_वायरमन

चित्र स्वच्छ झालं. मायनस बाजूला 1.3 आणि 3.6, दोन्ही वाईट. बॅटरीची मायनस केबल चेसिसला ज्या बोल्टवर लागते तिथे जा. बहुतेक त्याच बोल्टवर वायरिंगची बारीक थिंबल (वायरच्या टोकाची कडी), ब्लॉककडे जाणारी पट्टी आणि बॅटरी केबल असे एकावर एक थर असतील. मधल्या थिंबलवर हिरवं चढलेलं आणि जवळचं इन्सुलेशन काळं पडलेलं दिसेल. दिवे आणि लॉक मिळून 12 अँपिअर धरले, तर 3.6 व्होल्ट म्हणजे 0.3 ओहम, आणि त्या एका जोडात 40 वॅटहून जास्त उष्णता तयार होते. प्रेसमड आणि मळीच्या ओलाव्यात हे लवकर होतं.

काम असं करा. बॅटरीची मायनस आधी काढा. बोल्टच्या भोवतीची जागा रुपयाच्या नाण्याएवढी पांढरी लोखंडी होईपर्यंत खरवडा. बॅटरी ते ब्लॉक थेट एक 50 स्क्वेअर एमएमची नवी केबल टाका, टिनचं पाणी दिलेला तांब्याचा लग, हायड्रॉलिक क्रिम्पिंगने. हातोड्याने ठोकलेला लग वर्षभरात पुन्हा तिथेच आणतो. चेसिससाठी वेगळी पट्टी ठेवा. वायरिंगच्या अर्थिंगसाठी 6 स्क्वेअरची वेगळी वायर थेट बॅटरीच्या मायनसकडे न्या, बोल्ट वेगळा. स्टार वॉशर घाला, आवळा आणि मग वरून पेट्रोलियम जेली लावा. जेली जोडाच्या आत नाही, आवळल्यानंतर बाहेरून.

7.8 व्होल्टचा हिशेब: 10.6 मधून ब्लॉकचा 1.3 गेला तरी 9.3 उरायला हवे. बाकीचा दीड व्होल्ट रिलेच्या पट्ट्यांत आणि कनेक्टरमध्ये जातोय. तो रिले बदला, 70 अँपिअरचा घ्या.

बकेटला वेल्डिंग करताना बॅटरीची दोन्ही टर्मिनल आणि अल्टरनेटरचा प्लग काढा, कंट्रोलर असेल तर त्याचाही. वेल्डिंगची अर्थ चिमटी बकेटवरच लावा, जोडाजवळ. चिमटी चेसिसवर लावली तर करंट पिना, बेअरिंग आणि याच कच्च्या अर्थिंगमधून जातो.

उद्यमबाग_हायड्रॉलिक

पेडल घट्ट होतं, म्हणजे "एकदम बंद"चा पंपाशी संबंध नाही, वरच्या कामातच ते संपेल. हळू होण्याचं अर्धं कारणही तुमच्याच रीडिंगमध्ये आहे: 2,350 फेरे. केबल आणि डिझेल फिल्टर बघा. दुसरं अर्धं 96 अंश. कूलर उघडा.

ऑइलबद्दल बोलायचं राहिलं होतं. तुमच्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये काय लिहिलंय ते आधी बघा. जुन्या बऱ्याच स्किड स्टिअरना 10डब्ल्यू-30 सारखं इंजिन ऑइलच हायड्रॉलिकमध्ये सांगितलेलं असतं. 68 नंबरचं ऑइल पहाटे 15 अंशांना घट्ट असतं, 46 नंबरच्या दीडपटीहून जास्त, आणि क्लच नसल्याने तो भार सेल्फवर येतो. म्हणजे तुमच्या जड सेल्फमध्ये ऑइलचाही थोडा वाटा आहे.

खानापूर_वीटभट्टी

अण्णा, इथे थोडं वेगळं मत आहे. उन्हाळ्यात आपल्याकडे दुपारी 36-38 अंश आणि वर बगॅस यार्डातली धूळ. जुन्या पंपात फटी वाढलेल्या असतात, त्यात 46 टाकलं तर 90 अंशांना ते फार पातळ होतं. माझ्या मते जुन्या गाडीला 68 ठेवावं आणि सकाळी दहा मिनिटं मंद फेऱ्यांवर गरम करावी.

उद्यमबाग_हायड्रॉलिक

मुद्दा रास्त आहे. पण 100 अंशांना 46 आणि 68 मधला फरक साधारण 6.8 विरुद्ध 8.7 सेंटीस्टोक (ऑइलच्या जाडपणाचं माप) एवढाच, आणि कूलर साफ केला की ऑइल तिथपर्यंत जातच नाही. 10डब्ल्यू-30 त्या तापमानाला दोघांपेक्षा जाड राहतं आणि पहाटे 68 पेक्षा घट्ट होत नाही, म्हणून मॅन्युअलमध्ये ते सांगितलं असेल तर तेच भरा. दोन वेगळी ऑइलं मिसळू नका, फेस विरण्याचा गुण बिघडतो.

फ्लोमीटरची पद्धत लिहून ठेवतो. मीटर पुढच्या दोन क्विक कपलरमध्ये, बाणाची दिशा प्रवाहाच्या दिशेने. रिस्ट्रिक्टर (मीटरवरचा प्रवाह अडवणारा नॉब) पूर्ण उघडा ठेवूनच सुरुवात. ऑइल गरम, पूर्ण थ्रॉटल, ऑक्झिलरी चालू, मोकळा प्रवाह वाचा. मग रिस्ट्रिक्टर हळूहळू आवळत रिलीफ उघडण्याच्या थोडं आधी प्रवाह वाचा. दुसरा आकडा पहिल्याच्या 80 टक्के किंवा जास्त तर पंप चांगला. 80 च्या खाली तर पंप किंवा रिलीफ. रिलीफ काढून सीट आणि स्प्रिंग बघा, बऱ्याचदा तिथे ओ-रिंगचा तुकडा अडकलेला सापडतो. रिलीफचा नट गेजशिवाय फिरवू नका.

आर्मच्या सिलिंडरचे सील तपासायला आर्म पूर्ण खाली, इंजिन बंद, लिव्हर हलवून दाब सोडा. बुडाकडचा पाइप काढून पाइपाला प्लग मारा, सिलिंडरच्या उघड्या तोंडाखाली डबा ठेवा. मग ऑपरेटर सीटवर बसून इंजिन चालू करून लिव्हर "खाली" दाबेल. उघड्या तोंडातून सुरुवातीचं उरलेलं ऑइल आल्यावरही धार चालू राहिली तर पिस्टनचे सील गेलेत. दुसऱ्या सिलिंडरलाही तसंच. गळती शोधताना हात फिरवू नका, पुठ्ठा फिरवा. बारीक छिद्रातून येणारं ऑइल कातडीत घुसतं आणि तसं झालं तर थेट हॉस्पिटल गाठायचं, दुखत नसलं तरी.

संकेश्वर_लोडर

अर्थिंगचं काम झालं. बोल्टवर अगदी वर लिहिल्यासारखेच तीन थर होते, मधली थिंबल खाऊन गेलेली. आता मायनस पोल ते ब्लॉक 0.15, लॉकच्या कॉइलवर दिवे लावून 13.3, ओढणाऱ्या वायरवर 10.1. हीटर प्लग दोन बदलले, 37 अँपिअर येतात. पहाटे 20 सेकंद हीटर आणि पहिल्या सेल्फला इंजिन लागतं. दुपारचं न लागणंही थांबलं.

कूलर आणि रेडिएटरच्या मध्ये बगॅसचा जाड थर निघाला. थ्रॉटल केबल स्टॉपरपर्यंत आणली, डिझेल फिल्टर बदलला, फेरे 2,780. टाकी 74 अंशांवर थांबते. उद्यमबागमधून भाड्याने फ्लोमीटर आणून लावला: मोकळा 58 लिटर, दाबाखाली 49.

मॅन्युअलमध्ये 10डब्ल्यू-30 च सांगितलंय. सगळं ऑइल बदलायचं ठरवलंय. काही काळजी?

उद्यमबाग_हायड्रॉलिक

49 भागिले 58 म्हणजे 84 टक्के. पंप चांगला आहे, कोल्हापूरला पाठवायचं कारण नाही.

ऑइल गरम असताना सोडा, म्हणजे गाळ बरोबर निघतो. टाकीचं तळ मॅग्नेटने चाचपा. पितळ मॅग्नेटला चिकटत नाही, म्हणून गाळ डोळ्यांनीही बघा, पितळी चमक दिसली तर मला फोटो टाका. सक्शनची जाळी असेल तर काढून धुवा. फिल्टर बदलताना जुना फिल्टर कापून कागद उघडून बघा, आतल्या झिजेची खबर तिथेच मिळते. केस ड्रेनचा (पंप-मोटरच्या आत झिरपलेलं ऑइल परत नेणाऱ्या लाईनचा) वेगळा फिल्टर काही गाड्यांत असतो, तो सहसा विसरला जातो. नवा फिल्टर ऑइलने भरूनच बसवा. सील रिंगला ऑइल लावा, हाताने टेकल्यावर पाऊण फेरा.

भरल्यानंतर इंजिन लगेच चालू करू नका. फ्युएल सोलेनॉइडची वायर काढून 10-10 सेकंद दोन-तीनदा सेल्फ मारा, मध्ये मिनिटभर थांबून, म्हणजे चार्ज पंपाला ऑइल मिळतं. मग वायर जोडा, मंद फेऱ्यांवर पाच मिनिटं, चाकं न हलवता. त्यानंतर आर्म आणि बकेट सावकाश पूर्ण वर-खाली, चार-पाचदा. लेव्हल आर्म खाली आणि बकेट जमिनीला टेकवून बघायची. चेनकेसचं (चाकांच्या चेन ज्यात फिरतात त्या पेटीचं) ऑइल वेगळं असतं, त्याचा प्लग उघडून तेही बघा. तिथली लेव्हल वाढलेली दिसली तर चाकाच्या मोटरचं शाफ्ट सील गळतंय.

पहिल्या 50 तासांनी फिल्टर पुन्हा बदला, कारण नवं ऑइल जुना चिकटलेला मळ सोडवून आणतं.